चेन्नईत पायी, बसने आणि लोकलने : नव्याने आलेल्या मराठी कुटुंबासाठी सवलती, हक्क आणि रोजच्या व्यवहाराची माहिती

उपचारासाठी, शिक्षणासाठी किंवा कामासाठी तुम्ही महाराष्ट्रातून चेन्नईला आला असाल, तर पहिल्या आठवड्यात खोलीभाडे आणि जेवण यांच्या पाठोपाठ येण्याजाण्याचा खर्च जाणवतो. भाषा येत नाही, बसवरचा फलक वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी रिक्षा केली जाते आणि पैसे संपत जातात. वास्तविक या शहरात थोडे चालण्याची तयारी असेल, तर बस, लोकल आणि मेट्रो मिळून बहुतेक ठिकाणी कमी खर्चात पोहोचता येते. काही प्रवास तर मोफत आहे आणि त्यासाठी तमिळनाडूचे रहिवासी असण्याची अट नाही.

कोणती सवलत कोणाला मिळते, कोणती कागदपत्रे लागतात, पायी चालणाऱ्याचे हक्क कोणते आणि रस्त्यात अपघात झाला तर उपचाराचा खर्च कोण करते, याची माहिती या लेखात दिली आहे.

१. महिलांसाठी मोफत बस प्रवास

योजना काय आहे?
तमिळनाडू सरकारने मे २०२१ पासून साध्या भाड्याच्या शहरी बसमध्ये महिलांना मोफत प्रवास सुरू केला. ही योजना आता ‘विडियल पयणम्’ या नावाने ओळखली जाते. ‘विडियल’ म्हणजे पहाट आणि ‘पयणम्’ म्हणजे प्रवास. चेन्नईत या बस महानगर परिवहन महामंडळ, म्हणजे एमटीसी चालवते.

कोण पात्र आहे?
सर्व महिला आणि मुली. उत्पन्नाची अट नाही, वयाची अट नाही, अर्ज करावा लागत नाही. तृतीयपंथी व्यक्तींना, तसेच दिव्यांग व्यक्ती आणि त्यांच्यासोबतचा एक मदतनीस यांनाही पुढे ही सवलत लागू झाली. दिव्यांगांनी ओळखपत्र जवळ ठेवावे.

लाभ कसा घ्यायचा?
बसमध्ये चढा, कंडक्टरला उतरण्याचे ठिकाण सांगा आणि शून्य रुपयांचे तिकीट घ्या. पैसे द्यायचे नसले तरी हे तिकीट घेणे आवश्यक आहे, कारण प्रवाशांची मोजणी त्यावरून होते.

बस कशी ओळखायची?
येथे नवख्या माणसाची चूक होते. सवलत फक्त साध्या बसमध्ये आहे. एक्स्प्रेस, डिलक्स आणि वातानुकूलित बसमध्ये महिलांनाही पूर्ण भाडे द्यावे लागते. साध्या बसला पूर्वी पांढऱ्या पाटीची बस म्हणत. ओळखायला सोपे जावे म्हणून २०२२ पासून अशा अनेक बसच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला गुलाबी रंग देण्यात आला. शंका असेल तर चढताना ‘फ्री?’ एवढे विचारले तरी कंडक्टर मान हलवून सांगतो. घाईत डिलक्स बसमध्ये चढलात तर तिकीट काढा. ‘मला वाटले मोफत आहे’ हे कारण तपासनीस मान्य करत नाही.

महाराष्ट्रातील सवलतीशी गल्लत नको
महाराष्ट्रात एसटीच्या बसमध्ये महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. या दोन्ही सवलती महाराष्ट्राच्या एसटीपुरत्या आहेत. एसटीचे ज्येष्ठ नागरिक कार्ड चेन्नईच्या कंडक्टरला दाखवून उपयोग नाही. उलट चेन्नईच्या साध्या बसमध्ये महिलेला कोणतेही कार्ड दाखवावे लागत नाही.

किती फरक पडतो, हे एका उदाहरणाने पाहू. समजा नांदेडहून आलेले एक कुटुंब उपचारासाठी दोन महिने चेन्नईत राहिले आहे. नवरा रुग्णालयात दाखल आहे आणि बायको खोलीवरून दिवसातून दोनदा डबा घेऊन जाते. म्हणजे रोजच्या चार फेऱ्या झाल्या. एका फेरीचे भाडे १० रुपये धरले, तर दिवसाचे ४० आणि महिन्याचे १२०० रुपये होतात. साधी बस ओळखता आली तर हे पैसे वाचतात. ज्या घरातील कमावता माणूसच अंथरुणावर आहे, तेथे १२०० रुपये ही मोठी रक्कम असते.

२. पुरुष, मुले आणि ज्येष्ठ नागरिक

साध्या बसचे किमान भाडे ५ रुपये आहे. ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत प्रवास आहे. त्यापुढे १२ वर्षांपर्यंत अर्धे तिकीट लागते.

रोज लांबचा प्रवास असेल तर एमटीसीचा १००० रुपयांचा मासिक पास विचारात घ्या. त्यावर वातानुकूलित बस सोडून इतर बसमध्ये महिनाभर कितीही फेऱ्या करता येतात. पास घेण्याआधी स्वतःच्या फेऱ्या मोजा. रोज १० रुपयांच्या दोनच फेऱ्या होत असतील, तर महिन्याला ६०० रुपयेच लागतात आणि पास परवडत नाही. रोज २० रुपयांच्या दोन फेऱ्या असतील, तर तो फायद्याचा आहे.

चेन्नईत राहणाऱ्या ६० वर्षांवरील नागरिकांसाठी फेब्रुवारी २०१६ पासून मोफत प्रवासाची टोकन योजना आहे. महिन्याला १० टोकन मिळतात. त्यासाठी चेन्नईचा पत्ता असलेला रहिवासाचा पुरावा, वयाचा पुरावा आणि छायाचित्रे लागतात. आजारी नातेवाइकासोबत थोडे दिवस आलेल्या आजोबांना ही टोकन मिळणार नाहीत. परंतु मुलाकडे कायमचे राहायला आलेल्या वडिलांनी आधारवरचा पत्ता बदलून घेतला, तर त्यांना मागणी करता येते. आजींना टोकनची गरज नाही. साध्या बसमध्ये त्या आधीच मोफत प्रवास करतात.

३. बसमधील पद्धती

एसटीत कंडक्टर तुमच्यापर्यंत येतो. चेन्नईच्या बसमध्ये तो बहुधा आपल्या जागेवर बसून असतो. गर्दीत प्रवासी पैसे पुढच्या माणसाच्या हातात देतात आणि ठिकाण सांगतात. पैसे हातोहात कंडक्टरपर्यंत जातात. तिकीट आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत येतात. कोणी अनोळखी माणसाने तुमच्या हातात नोट ठेवली, तर गोंधळू नका, ती पुढे द्या. सुटे पैसे जवळ ठेवा.

बसमध्ये डावीकडची आसने साधारणपणे महिलांसाठी असतात. पुरुषांनी ती रिकामी दिसली तरी उजवीकडे बसणे किंवा उभे राहणे बरे.

सोबत वयस्क किंवा चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती असेल, तर कमी उंचीच्या पायरीची बस पाहा. एमटीसीने २०२४ पासून अशा बस नव्याने आणायला सुरुवात केली. ही बस थांब्यावर एका बाजूला झुकते आणि चढण्यासाठी उतरती फळी लावता येते. २०२५ मध्ये याच रचनेच्या विजेवरील बसही आल्या. बस दिसायला नवी आहे म्हणून भाडे साधेच असेल किंवा जास्तच असेल असे धरून चालू नका. चढताना विचारा.

४. लोकल आणि मेट्रो

चेन्नईची विजेवरील लोकल जुनी आहे. बीच ते तांबरम या मार्गावर ती १९३१ मध्ये सुरू झाली. आज उपनगरी गाड्यांच्या प्रमुख दिशा अशा आहेत :

• बीच – एग्मोर – मांबलम – तांबरम – चेंगलपट्टू : दक्षिणेकडे
• सेंट्रलच्या शेजारील मूर मार्केट स्थानक ते अरक्कोणम : पश्चिमेकडे
• मूर मार्केट ते गुम्मिडिपूंडी : उत्तरेकडे
• बीच – चेपॉक – तिरुमयिलै – वेळचेरी : शहरातील उन्नत मार्ग

लोकलचे किमान भाडे ५ रुपये आहे. मुंबईप्रमाणेच मासिक पास मिळतो आणि महिलांसाठी वेगळे डबे असतात. मात्र महिलांना बसमध्ये मिळणारा मोफत प्रवास लोकलमध्ये किंवा मेट्रोत नाही. बस राज्य सरकारची आहे, लोकल भारतीय रेल्वेची आहे आणि मेट्रो वेगळ्या कंपनीमार्फत चालते, त्यामुळे तिघांचे नियम वेगळे आहेत.

मेट्रो २९ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या दोन मार्गिका चालू आहेत. निळी मार्गिका विमानतळापासून विम्को नगरपर्यंत जाते. हिरवी मार्गिका सेंट्रलपासून एग्मोर आणि कोयंबेडूवरून सेंट थॉमस माउंटपर्यंत जाते. सेंट्रल आणि आलंदूर येथे एका मार्गिकेवरून दुसरीवर जाता येते. मेट्रोचे भाडे १० ते ५० रुपयांच्या दरम्यान आहे. पहाटे ५ ते रात्री ११ अशी सेवा असते.

एक कार्ड, एक ॲप
केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय सामायिक गतिशीलता कार्ड, म्हणजे एनसीएमसी आणले. चेन्नईत ते एप्रिल २०२३ पासून ‘सिंगार चेन्नई’ कार्ड या नावाने मिळू लागले. आधी ते मेट्रोत चालत असे. जानेवारी २०२५ पासून एमटीसीच्या बसमध्येही चालू लागले. पुणे मेट्रोचे ‘एक पुणे’ कार्ड किंवा मुंबई मेट्रोचे ‘मुंबई वन’ कार्ड तुमच्याकडे असेल, तर त्यावर एनसीएमसीचे चिन्ह आहे का ते पाहा. हे कार्ड देशभरासाठी एकाच पद्धतीने बनवलेले आहे. चिन्ह असेल तर नवे कार्ड विकत घेण्याआधी जुने मेट्रोच्या तिकीट खिडकीवर दाखवून पाहा. त्यात शिल्लक असणे आवश्यक आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘चेन्नई वन’ हे ॲप सुरू झाले. त्यात बस, लोकल आणि मेट्रो या तिन्हींचे मिळून एकच क्यूआर तिकीट काढता येते. ज्याला तमिळ बोलता येत नाही, त्याला याचा मोठा उपयोग आहे. निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण टाकले की कोठे बस, कोठे लोकल आणि किती चालायचे, हे ॲप सांगते.

५. सेंट्रल स्थानकावर उतरल्यावर

महाराष्ट्रातून येणाऱ्या बऱ्याच गाड्या चेन्नई सेंट्रलला येतात. २०१९ पासून या स्थानकाचे अधिकृत नाव ‘पुरट्चि तलैवर डॉ. एम.जी. रामचंद्रन सेंट्रल’ असे आहे. तिकिटावर हे लांब नाव दिसले तरी स्थानक तेच आहे.

बाहेर आल्यावर रिक्षावाल्यांच्या घोळक्यात शिरण्याआधी दोन मिनिटे थांबून पाहा. येथून पुष्कळ ठिकाणे चालत जाण्याजोगी आहेत.

• राजीव गांधी शासकीय सामान्य रुग्णालय रस्त्याच्या पलीकडेच आहे. लोक त्याला नुसते ‘जी.एच.’ म्हणतात. रस्ता वरून ओलांडू नका, भुयारी मार्गाने जा.
• तांबरमकडे जाणारी लोकल ‘पार्क’ स्थानकावरून मिळते. वेळचेरीची गाडी ‘पार्क टाउन’ स्थानकावरून मिळते. दोन्ही स्थानके समोरच्या बाजूला आहेत.
• मेट्रो स्थानक जमिनीखाली आहे. तेथून विमानतळ, एग्मोर, कोयंबेडू या सर्व दिशांना जाता येते.
• ओमंदूरार येथील शासकीय बहुविशेषोपचार रुग्णालयासाठी निळ्या मार्गिकेवरील ‘गव्हर्नमेंट इस्टेट’ स्थानकावर उतरा.
• लहान मुलांच्या शासकीय रुग्णालयासाठी एग्मोरला उतरा.

दक्षिण तमिळनाडूकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बस आता शहरातून नव्हे, तर शहराच्या दक्षिण टोकाला असलेल्या किलांबाक्कम येथून सुटतात. हे बसस्थानक डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाले. मदुराई किंवा रामेश्वरला जायचे असेल तर जुन्या सवयीने कोयंबेडूला जाऊ नका. पोहोचायला तासाभराहून अधिक वेळ हाताशी ठेवा.

६. पायी चालणे : शहराचे धोरण काय सांगते?

बसथांब्यापर्यंत जायचे तर चालतच जावे लागते, म्हणून पदपथ हा प्रवासाचाच भाग आहे. चेन्नई महानगरपालिकेने २०१४ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. रस्ता बांधताना आधी पादचाऱ्याचा विचार करायचा, असे त्याचे सूत्र आहे.

या धोरणाचे फळ काही भागांत स्पष्ट दिसते. टी. नगर भागातील पाँडी बाजारात स्मार्ट सिटी अभियानातून रुंद पदपथांचा पट्टा तयार झाला आणि तो नोव्हेंबर २०१९ मध्ये खुला झाला. मे २०२३ मध्ये मांबलम स्थानक आणि टी. नगर बसस्थानक यांना जोडणारा ५७० मीटरचा उन्नत पादचारी मार्ग सुरू झाला. त्याला उद्वाहक आणि सरकते जिने आहेत. रंगनाथन स्ट्रीटच्या गर्दीत न शिरता लोकलमधून उतरून थेट बसपर्यंत जाता येते. मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी २६३ मीटरची लाकडी वाट बांधण्यात आली. काही दिवसांतच चक्रीवादळात तिचे नुकसान झाले, त्यानंतर ती दुरुस्त करण्यात आली. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला समुद्रापर्यंत नेणारी ही वाट आवर्जून वापरावी.

इतर अनेक रस्त्यांवर मात्र पदपथ मध्येच तुटतो, त्यावर दुचाकी उभी असते किंवा गटाराचे काम चालू असते. तेथे आपले हक्क माहीत असणे उपयोगी पडते.

तुमचे हक्क
• भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक निकषांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या शेजारून जाऊ शकतील आणि वृद्धांना पाय उचलून चढता येईल.
• मोटार वाहन (चालविणे) विनियम, २०१७ नुसार पदपथावर वाहन उभे करण्यास मनाई आहे. पादचारी ओलांडणी मार्गावर चालणाऱ्याला वाट देणे चालकावर बंधनकारक आहे.
• सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी स्पष्ट केले की, वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे. दिव्यांगांना वापरता येतील असेच पदपथ हवेत, असेही न्यायालयाने सांगितले.

तक्रार कशी करायची?
पदपथ तुटला असेल, गटाराचे झाकण उघडे असेल किंवा रस्त्यावरचा दिवा बंद असेल, तर महानगरपालिकेच्या १९१३ या क्रमांकावर फोन करा. पालिकेच्या ‘नम्म चेन्नई’ ॲपवरही छायाचित्रासह तक्रार करता येते. तक्रार करताना पुढील गोष्टी सांगा :

१) रस्त्याचे नाव आणि जवळच्या घराचा किंवा दुकानाचा क्रमांक
२) जवळची खूण, म्हणजे मंदिर, शाळा किंवा बसथांबा
३) नेमका धोका काय आहे : ‘पदपथ खराब आहे’ असे मोघम सांगू नका, ‘गटाराचे झाकण नाही, रात्री दिसत नाही’ असे सांगा
४) तक्रार क्रमांक लिहून घ्या

चेन्नईत तुमचे मतदान नसले तरी तक्रार करता येते. पदपथ वापरणारा कोणीही ती करू शकतो. काही मोठे रस्ते राज्याच्या महामार्ग विभागाकडे आहेत. ‘हा रस्ता आमचा नाही’ असे उत्तर आले, तर कोणत्या विभागाचा आहे हे विचारून तेथे तोच मजकूर पाठवा. पदपथावर वाहने उभी असतील तर वाहतूक पोलिसांकडे तक्रार करा.

७. अपघात झाला तर

नवख्या शहरात रस्ता ओलांडताना अपघात झाला, तर पहिली भीती पैशांची असते. त्या भीतीने खासगी वाहनातून दूरच्या ओळखीच्या रुग्णालयात नेण्यात मोलाचा वेळ जातो. पुढील तरतुदी त्यासाठीच आहेत.

पहिले ४८ तास : तमिळनाडू सरकारने १८ डिसेंबर २०२१ रोजी ‘इन्नुयिर काप्पोम् – नम्मै काक्कुम् ४८’ ही योजना सुरू केली. राज्याच्या हद्दीत रस्ते अपघात झालेल्या कोणत्याही व्यक्तीला पहिल्या ४८ तासांत ठरावीक मर्यादेपर्यंत मोफत उपचार मिळतात. सुरुवातीला ही मर्यादा १ लाख रुपये होती. योजनेत समाविष्ट शासकीय तसेच खासगी रुग्णालयांत लाभ मिळतो. महत्त्वाची गोष्ट अशी की, इतर राज्यांतून आलेल्या व्यक्तीही पात्र आहेत. महाराष्ट्राचे आधार कार्ड असणे ही अडचण नाही.

केंद्राची योजना : मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचार योजना अधिसूचित केली. अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांपर्यंतचा खर्च त्यात येतो. अपघात मोटार वाहनामुळे झालेला असावा.

वाहन पळून गेले तर : धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा शोध लागला नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेनुसार भरपाई मिळते. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये दिले जातात. अर्ज अपघात जेथे झाला तेथील महसूल अधिकाऱ्याकडे करायचा असतो, आपल्या गावच्या तहसीलदाराकडे नव्हे. म्हणून चेन्नई सोडण्याआधी पोलिसांतील नोंदीची आणि रुग्णालयाच्या कागदांची प्रत घ्या.

मदत करणाऱ्याला संरक्षण : जखमी अनोळखी असला तरी त्याला रुग्णालयात न्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. जीव वाचवणाऱ्यांसाठी केंद्राची ‘राह-वीर’ योजना असून त्यात २५ हजार रुपयांचे बक्षीस आहे.

तातडीसाठी क्रमांक : रुग्णवाहिका १०८, सर्व आपत्कालीन सेवा ११२, महिला मदत १८१, रेल्वे १३९.

८. जेवण, ऊन आणि पाऊस

स्वस्त जेवण : चेन्नई महानगरपालिकेची ‘अम्मा उणवगम्’ ही उपाहारगृहे २०१३ पासून चालू आहेत. इडली १ रुपया, पोंगल ५ रुपये, सांबार भात ५ रुपये आणि दही भात ३ रुपये असे दर तेव्हा ठरवले गेले. येथे कोणतेही कार्ड लागत नाही. मोठ्या शासकीय रुग्णालयांच्या आवारातही ती आहेत. डब्याची सोय होईपर्यंत रुग्णाच्या नातेवाइकांना त्यांचा आधार होतो.

शिधा : मुक्काम काही महिन्यांचा असेल आणि तुमचे रेशनकार्ड राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली येत असेल, तर ‘एक देश, एक रेशनकार्ड’ या व्यवस्थेतून चेन्नईच्या रेशन दुकानातही आपल्या वाट्याचे धान्य मागता येते. आधार कार्डाशी जोडणी आणि बोटांचा ठसा लागतो.

ऊन : एप्रिल आणि मेमध्ये सकाळी नऊनंतर लांबचे चालणे टाळा. सुमारे १ किलोमीटर चालायला १२ ते १५ मिनिटे लागतात. दमट उन्हात तेवढ्यानेही थकवा येतो. पाणी जवळ ठेवा.

पाऊस : येथे मुख्य पाऊस जूनमध्ये येत नाही. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. दिवाळीला गावाकडून येताना छत्री आणि जाड चप्पल घेऊन या. जोराच्या पावसात रेल्वेमार्गाखालचे भुयारी रस्ते तुंबतात; त्यात उतरू नका. रस्त्यावर पाणी साचले असेल तर पदपथाच्या कडेने न चालता, जमीन दिसते तेथूनच चाला. पाण्याखालचे उघडे गटार दिसत नाही.

९. उपयोगी शब्द

‘अक्का’ आणि ‘अण्णा’ हे शब्द मराठी माणसाला शिकवावे लागत नाहीत. तमिळमध्येही त्यांचा अर्थ मोठी बहीण आणि मोठा भाऊ. वाट विचारताना सुरुवात याच शब्दाने करा.

• बस एंगे? – बस कोठे?
• एव्वळवु? – किती रुपये?
• इंगे इरंगणुम् – येथे उतरायचे आहे
• नेरा पोंग – सरळ जा
• वलदु, इडदु – उजवीकडे, डावीकडे
• सालै, तेरु, संदु – रस्ता, गल्ली, बोळ
• निरुत्तम् – थांबा
• मगळिर् – महिला
• आस्पत्तिरि – रुग्णालय

पाट्यांवर ‘अण्णा सालै’ लिहिलेले असले तरी लोक ‘माउंट रोड’ म्हणतात. दोन्ही एकच.

१०. नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझा पत्ता महाराष्ट्राचा आहे. बस मोफत मिळेल का?
महिला असाल आणि बस साध्या भाड्याची असेल, तर होय. पत्ता विचारला जात नाही.

नवरा-बायको सोबत असल्यास?
बायकोला शून्य रुपयांचे तिकीट, नवऱ्याला नेहमीचे तिकीट.

मेट्रोने जाऊन पुढे बस घेतली तर?
मेट्रोचे भाडे द्यावे लागेल. पुढची बस साधी असेल तर महिलेला मोफत.

रात्री उशिरा काय करावे?
मेट्रो रात्री ११ वाजता बंद होते. साध्या बसही उशिरा कमी होतात. रुग्णालयातून रात्री परतायचे असेल तर शेवटच्या गाडीची वेळ दुपारीच विचारून ठेवा. रिक्षा करावी लागली तर बसण्याआधी भाडे ठरवा आणि रिक्षाचा क्रमांक घरी कळवा.

तमिळ अजिबात येत नसेल तर?
उतरण्याच्या ठिकाणाचे नाव तमिळ लिपीत एका कागदावर लिहून घ्या. खोलीमालक किंवा रुग्णालयातील कर्मचारी ते लिहून देईल. कागद कंडक्टरला दाखवला की तो थांबा आल्यावर सांगतो. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला खोलीचा पत्ताही तमिळमध्ये लिहून ठेवा. मुलांच्या आणि वृद्धांच्या खिशात अशी एक चिठ्ठी असू द्या. वाट चुकली तरी कोणीही त्यांना घरापर्यंत पोहोचवू शकेल.